पाच हजार ओहम

एप्रिल. अंबड लिंक रोडचं डांबर चपलेला चिकटतंय
आणि बोराडेकाकांची एस्टीम
माझ्या दारात येऊन थांबली ती खोकतच.
थांबल्यावरही आरपीएम वर-खाली,
झोपेत दचकणाऱ्या माणसासारखा.

काका म्हणाले, लिटरला आठ देतेय. चौदा द्यायची.
पंपवाले मापात मारतात.
मुंबई नाक्यावरच्या माणसानं प्लग बदलले,
ऑक्सिजन सेन्सर बदलला,
मग म्हणाला कॉम्प्युटरच गेलाय, अठरा हजार.
काकू मागच्या सीटवर. काहीच बोलल्या नाहीत.

मी आधी वास घेतो.
आमच्यात हेच पहिलं यंत्र.
सायलेन्सरपाशी उकिडवा बसलो, फडकं धरलं.
गोडसर, डोळ्यांत जाणारं कच्चं पेट्रोल,
आणि फडक्यावर वाटीएवढं काजळ.

प्लग उघडले. महिन्याचेही नाहीत,
तरी नाकं काळी, कोरडी, बोटाला लागणारी.
चारही सारखीच काळी.
एकच इंजेक्टर गळत असता
तर एकाचंच तोंड काळं झालं असतं.
तौसिफला म्हटलं, लिहून ठेव.
तो लिहीत नाही कधी. विसरतही नाही.

"रिच झालंय म्हणजे नक्की काय हो?"
श्रीमंती आलीय काका.
येतंय भरपूर, पचत नाही.

एअर फिल्टर काढला तर आत कांद्याची टरफलं,
लासलगावच्या फेऱ्यांची, गुलाबी, चुरचुरीत.
वाटलं, सापडला चोर!
नवा फिल्टर, स्टार्टर, आणि धूर तस्साच.
चोर नव्हता. नुसता शेजारी होता.
रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी ओढून पाहिली.
आतून कोरडी. तोही निर्दोष.

मग थर्मोस्टॅटच्या बगलेतलं ते पितळी बोंड,
अंगठ्याच्या पेराएवढं.
पाणी किती तापलं, एवढंच सांगायचं काम त्याला.
रेडिएटरच्या नळीवर हात ठेवला, तीनपर्यंतही मोजवेना.
सॉकेट काढून मीटर लावला.
तीनशेच्या आसपास यायला हवे होते.
आले पाच हजार.

पाच हजार ओहम म्हणजे तीन डिग्री.
म्हणजे निफाडची जानेवारीतली पहाट,
द्राक्षाच्या ओळींत शेकोट्या पेटवून
माणसं जागत बसतात ती.
बाहेर एक्केचाळीस, इंजिन नव्वदला,
आणि हे बोंड त्या पहाटेतून निघायलाच तयार नाही.

कॉम्प्युटर बिचारा डब्यात बंद.
त्याला खिडकी नाही, हात नाही.
गारठलंय म्हणाले, हा पाजत राहिला.
पुन्हा गारठलंय म्हणाले, पुन्हा पाजलं.
यात त्याचं काय चुकलं, सांगा.

"दोन वर्षांपूर्वी," काकू पहिल्यांदाच बोलल्या,
"ह्याच गाडीतून ओझरहून आणलं ह्यांना, रात्री दोनला.
हात बर्फ झाले होते."

तेव्हा मला काकांच्या मांडीवरची शाल दिसली.
लोकरीची. खाली पँट घामानं चिकटलेली.
काकूंनी थर्मासमधून दूध ओतलं,
काका अर्धं प्यायले, पेला परत केला.
तेवढं संपवा.
संपवलं त्यांनी.
मी मीटरची वायर गुंडाळत बसलो, गरज नसताना.

सारडा सर्कलवरून तौसिफनं नवा सेन्सर आणला.
चारशे ऐंशी.
बसवला, थोडं पाणी सांडलं, वरून भरलं.
पाच मिनिटांत आरपीएम खाली आला
आणि आठशेवर गप्प बसला.
फडकं पुन्हा धरलं. फक्त ओल.

काकू उतरून बॉनेटपाशी आल्या होत्या.
"ह्या जुन्याला नाही का कळणार, पुन्हा कधी?"
नाही काकू. तो शिकत नाही. बदलावाच लागतो.
त्या जरा वेळ तळहातावरचं बोंड बघत राहिल्या,
मग विचारलं,
"ह्या गाडीचा एसी चालतो का हो?"

चालतो की, काका म्हणाले, तूच लावू देत नाहीस.

गाडी लिंक रोडला वळली.
मागची काच
अडखळत वर जाताना दिसली.